आईने सांगितले, लेकाने लिहिले



आपण अक्षरे शिकलो. काना, मात्रा, वेलांटी शिकलो. जोडाक्षरेही आता पूर्वीसारखी अडवत नाहीत. एसटीची पाटी वाचता येते. रेशनकार्डावरचे आपले नाव ओळखता येते. अंगठा गेला, सही आली. हे काम लहान नव्हे.

पण सही आल्यावर पुढे काय?

आमच्या वर्गातल्या एका मावशींनी हाच प्रश्न विचारला. दसरा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या तयारीत होत्या. मावशी पाटी पुसत म्हणाल्या, "गुरुजी, सही आली. लई झालं. आता पुस्तक वाचून काय करू? पुस्तकं लिहिणारी माणसं येगळी असत्यात. त्यांच्या घरी पुस्तकाची कपाटं असत्यात. आमच्या घरी काय हाय? कोयता, चूल आन् जातं."

वर्गातली माणसे हसली. मावशीही हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्हाला त्या रात्री नीट उत्तर सुचले नाही. म्हणून हा पाठ लिहिला आहे. ह्या पाठात एका लेखकाची गोष्ट आहे. त्यांनी मुलांसाठी पुष्कळ लिहिले. त्यांच्या घरीही पुस्तकांची कपाटे नव्हती. मग त्यांना लिहायला सुचले कोठून? ते आपण पाहू.

साने गुरुजी

त्या लेखकाचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. गाव पालगड. हे गाव कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आपला बीड जिल्हा कोरडा. ज्वारी, कापूस, बाजरीचा. कोकण पावसाचे. भाताचे, नारळाचे. पण गरिबी दोन्हीकडे सारखीच. तिला पाऊस लागत नाही आणि ऊनही लागत नाही.

गुरुजींच्या आईचे नाव यशोदा. घराणे एके काळी खोतांचे, म्हणजे गावात मान असलेले. पण पुढे कर्ज झाले आणि घर खाली आले. आईने ती पडती बाजू सोसली. सोसता सोसता मुलांना वाढवले.

ह्या आईवर गुरुजींनी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'श्यामची आई'. ते १९३५ साली छापून निघाले. महाराष्ट्रात ज्याला वाचता येते त्याने हे पुस्तक निदान पाहिलेले तरी असतेच. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा ह्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकातला श्याम म्हणजे बहुतांशी गुरुजी स्वतःच.

विहिरीला पाणी येते ते झऱ्यांचे. वरून दिसते एक विहीर, पण आत तीन-चार झरे असतात. गुरुजींच्या लिहिण्यालाही असे तीन झरे होते. पहिला झरा ऐकलेल्याचा. दुसरा सोसलेल्याचा. तिसरा वाचलेल्याचा. आपण एकेक झरा पाहू.

पहिला झरा : ऐकलेले

गुरुजींची पहिली शाळा म्हणजे आई. तिने फळ्यावर लिहून शिकवले नाही. काम करता करता शिकवले. चुलीपुढे शिकवले, अंगणात शिकवले.

'श्यामची आई' पुस्तकातले दोन-तीन प्रसंग पाहा.

श्याम लहान होता. अंघोळ झाली की पायाला माती लागू नये म्हणून तो हट्ट करी. आईने आपला पदर पसरून त्यावर त्याला पाय ठेवू दिले. पण तेवढ्यात तिने एक गोष्ट सांगून टाकली. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप, असे तिचे सांगणे होते. किती साधी गोष्ट! रोजची अंघोळ आणि रोजचा पदर. पण मुलाच्या मनात ती घर करून राहिली.

दुसरा प्रसंग पोहण्याचा. श्याम पाण्याला भीत असे. पोहायला जायचे म्हटले की लपून बसे. आईने काठी घेतली आणि त्याला बाहेर काढले. मुलगा रडला. आईलाही वाईट वाटले. पण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची इच्छा. म्हणून ती कठोर झाली. माया करणारी आईच अशी कठोर होऊ शकते.

तिसरा प्रसंग मोळीचा. एक म्हातारी बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. मोळी खाली पडली. ती तिला उचलवेना. ती बाई त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीची. तिला कोणी शिवेना. आईने श्यामला सांगितले, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे. त्या काळात ब्राह्मणाच्या मुलाने असे करणे म्हणजे गावाचा रोष. पण देवाला सगळी माणसे सारखी, एवढेच आईचे तत्त्वज्ञान होते. हे तत्त्वज्ञान तिने पोरावर सोपवले. ते पुढे किती मोठे झाले, हे आपण पाठाच्या शेवटी पाहू.

वाचकहो, आता एक गोष्ट ध्यानात घ्या. गुरुजींची आई वारली १९१७ साली. त्यांनी पुस्तक लिहिले १९३३ साली. हिशोब करा. सोळा वर्षे झाली. सोळा वर्षे आईचे बोल मुलाच्या कानात राहिले. कागद नव्हता, शाई नव्हती, तरी बोल राहिले. पण ते लिहिले गेले म्हणूनच आज बीड जिल्ह्यातल्या माणसालाही ते कळतात. नाही तर ते गुरुजींबरोबरच गेले असते.

दुसरा झरा : सोसलेले

गुरुजी पालगडला शिकले. मग दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिकले. घरची स्थिती बिघडली तेव्हा शिक्षण सुटण्याची वेळ आली. गरीब मुलांची तेथे सोय होते असे कळल्यावर ते सातारा भागातल्या औंधला गेले. तेथे हाताने रांधून खाल्ले. कधी पोटभर, कधी अर्धपोटी. पुढे पुण्याला गेले. तेथेही हात आखडूनच राहावे लागले. तरी शाळा सोडली नाही. पुढे ते एम. ए. झाले.

घरावर कर्ज होते. सावकाराचा तगादा होता. कर्ज म्हणजे काय, हे 'श्यामची आई' पुस्तकात गुरुजींनी फार कळवळून लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते वेगळे समजावून द्यायला नको. मुकादमाची उचल घेतलेल्या घराला ते वाचता वाचताच कळेल. उचल अंगावर असली म्हणजे माणूस मान खाली घालून चालतो. श्यामच्या आईनेही ती मान खाली घालणे सोसले.

आई वारली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. तो दूर शिकत होता. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख गुरुजींना जन्मभर राहिली.

पुष्कळ माणसे दुःख सोसतात आणि कडू होतात. काही माणसे दुःख सोसतात आणि दुसऱ्याचे दुःख ओळखायला शिकतात. गुरुजी दुसऱ्या जातीचे. त्यांनी आपले दुःख गोंजारत ठेवले नाही. ते गोष्टीत घातले. म्हणून त्यांची गोष्ट वाचताना दुसऱ्याच्या आईसाठी आपल्या डोळ्याला पाणी येते, आणि मग आपली आई आठवते.

तिसरा झरा : वाचलेले

आता वाचनाची गोष्ट.

जुन्या काळी महाराष्ट्रात घरोघर पोथ्या वाचल्या जात. आपल्याकडेही श्रावणात मारुतीच्या देवळात हरिविजय, पांडवप्रताप लागतो. एक जण वाचतो, एक जण अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ज्याला वाचता येत नाही तोही त्या वाचनात असतोच. कोकणातही हीच रीत. अशा हवेत पोराला गोष्टींची गोडी लागली नाही तरच नवल.

पण गोडी लागली आणि पुस्तके नाहीत, असे झाले. श्यामला कळले की मोठी माणसे पुष्कळ वाचतात. मग आपणही मोठे व्हावे, वाचावे, असे त्याला वाटले. पुस्तक घ्यायला पैसे नव्हते. घरी एक पाहुणा आला होता. श्यामने पाहुण्याचे पैसे चोरले. पुस्तकासाठी चोरले! ही गोष्ट गुरुजींनी लपवली नाही. स्वतःच्याच पुस्तकात लिहून ठेवली. आईला ते कळले. तिने मुलाला चूक कबूल करायला लावली.

येथे आम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला आम्हाला लाज वाटते, पण श्यामची चोरी सांगायची आणि आपली चूक झाकायची, हे बरोबर नव्हे.

आम्ही एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेत पुस्तकांचे एक कपाट होते. त्याला काच होती आणि कुलूप होते. किल्ली आमच्या खिशात. पुस्तके फाटतील, हरवतील, मग भरून कोण देणार, ही आम्हाला भीती. साहेब तपासणीला आले की आम्ही कपाट उघडत होतो. पुस्तके कोरी करकरीत. साहेब म्हणत, वा!

सहावीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून उभा राही. पुस्तकांची नावे वाची. आम्ही त्याला हाकलत असू. काच खराब होते म्हणून. एके दिवशी कपाट साफ करायला उघडले होते. त्या गडबडीत एक पुस्तक गेले. शोध केला. पुस्तक त्या मुलाच्या दप्तरात सापडले. आम्ही त्याला सगळ्या शाळेपुढे उभे केले. छड्या दिल्या. चोर म्हटले. तो रडला नाही. खाली पाहत राहिला.

पंधरा दिवसांनी तो आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. उन्हाळ्यात टोळी परत आली. मुलगा शाळेत परत आला नाही. आम्ही त्याच्या घरी निरोप पाठवला. त्याच्या बापाने उलट निरोप दिला, "पोराला आता शाळेत तोंड दाखवायची लाज वाटते, गुरुजी."

चोरी वाईटच. श्यामच्या आईनेही ती चालू दिली नाही. पण तिने मुलाला चोरीची लाज वाटायला लावली, पुस्तकाची नव्हे. म्हणून तो सुधारला आणि वाचतही राहिला. आम्ही मात्र चोरीबरोबर वाचनही मारून टाकले. रोग गेला आणि रोगीही गेला. दुसऱ्याच वर्षी आम्ही त्या कपाटाचे कुलूप काढले. पुस्तके फाटली. दोन हरवली. पण वाचली गेली. तो मुलगा मात्र परत आला नाही.

मुलांसाठी लिहिणारा शिक्षक

गुरुजी १९२४ साली खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले. तेथे शाळेच्या वसतिगृहात ते मुलांबरोबर राहत. मुलांच्या खोल्या झाडत. त्यांचे कपडेही धुवत. मुले लाजत आणि आपोआप कामाला लागत.

तेथे त्यांनी एक नामी काम केले. वसतिगृहातील मुलांसाठी एक दैनिक सुरू केले. त्याचे नाव 'छात्रालय'. हे दैनिक छापलेले नव्हते, हाताने लिहिलेले होते. दिवसभर शिकवायचे आणि नव्या अंकासाठी लिहायचे. थोरामोठ्यांच्या गोष्टी, देशाच्या गोष्टी, मुलांच्या चुका, मुलांचे चांगले गुण, असे सगळे त्यात असे. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले.

रोज लिहायचे म्हणजे रोज वाचायला हवे. रिकाम्या कणगीतून दाणे निघत नाहीत. गुरुजी वाचत ते दुसऱ्याला देण्यासाठी. स्वतःपुरते वाचून पोथी बांधून ठेवणे त्यांना ठाऊक नव्हते. चांगले वाचले की ते मुलांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

तुरुंगातली शाळा

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. त्यांना तुरुंगवास झाला. आधी धुळे, मग दूर तमिळनाडूत तिरुचिरापल्ली. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे कैदी होते. भाषा निराळी, जेवण निराळे. एका देशाची माणसे, पण एकमेकांचे बोलणे कळेना. गुरुजींना ही गोष्ट लागली. आपण एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची पुस्तके वाचावीत, असे त्यांना वाटू लागले. तमिळ भाषेत 'तिरुक्कुरळ' नावाचा फार जुना ग्रंथ आहे. गुरुजींनी तो मराठीत आणला. भारतातल्या भाषांनी एकमेकींना भेटावे, ह्या विचाराला त्यांनी पुढे 'आंतरभारती' असे नाव दिले.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे तेथेच होते. विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता समजावून सांगत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला शेवट. गीतेचे अध्याय अठरा आणि रविवारही अठरा. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. त्याचेच पुस्तक झाले. त्याचे नाव 'गीता प्रवचने'. पुढे ते भारतातल्या अनेक भाषांत गेले. एक माणूस बोलला आणि एक माणूस लिहायला बसला. दुसरा नसता तर पहिल्याचे बोलणे तुरुंगाच्या भिंतीबाहेर गेले नसते.

गुरुजींनी परदेशी पुस्तकेही वाचली. त्यांतल्या काही गोष्टी त्यांनी मराठी मुलांसाठी आपल्या साध्या भाषेत सांगितल्या. इंग्लंडमध्ये जॉर्ज एलियट ह्या नावाने लिहिणारी एक लेखिका होऊन गेली. तिने एका विणकराची कथा लिहिली. एकटा राहणारा विणकर सोन्याची नाणी साठवतो. ती चोरीला जातात. मग त्याच्या घरात एक पोरकी मुलगी येते आणि सोन्यापेक्षा माणूस मोठे, हे त्याला कळते. गुरुजींनी ही गोष्ट 'मनूबाबा' नावाने मराठीत आणली. इंग्लंडचा विणकर आपल्या गावचा झाला. गोष्टीला पारपत्र लागत नाही.

पाच दिवस

आता नाशिकच्या तुरुंगाकडे येऊ. १९३३ सालचा फेब्रुवारी महिना. गुरुजी तेथे कैदी होते. गुरुवारी, ९ तारखेला त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतले. दिवसा तुरुंगाचे काम करायचे. उरलेल्या वेळात आणि रात्री लिहायचे. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे लिहिणे थांबले.

पुस्तकात श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणून त्या पुस्तकात 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असे पाठ आहेत.

पाच दिवसांत पुस्तक झाले हे ऐकून कोणी म्हणेल, देवाची देणगी! आम्ही म्हणतो, देणगी असेल, पण पाच दिवस हा हिशोब खोटा आहे. कापूस वेचायला चार दिवस लागतात. म्हणून कापूस चार दिवसांत झाला, असे शेतकरी म्हणेल का? त्याआधी नांगरट असते, पेरणी असते, खुरपणी असते, पावसाची वाट पाहणे असते. गुरुजींनी पाच दिवसांत वेचणी केली. पेरणी यशोदाबाईंनी तीस वर्षांपूर्वी केली होती.

गोष्ट कामाला लागते

आईने सांगितलेली मोळीची गोष्ट आठवते ना? पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात दलित बांधवांना जाता येत नव्हते. आपल्या जिल्ह्यातून किती दिंड्या पंढरीला जातात! पण ज्या चोखोबाचे अभंग आपण गातो, त्याच्या जातीच्या माणसाला पायरीच्या आत जाण्याची बंदी होती. गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावले. शेवटी १९४७ साली १ मे रोजी पंढरपुरात त्यांनी उपोषण धरले. १० मे रोजी ते सुटले. मंदिर सर्वांना मोकळे करण्याचे ठरले.

लहानपणी आईने एक मोळी उचलायला लावली होती. मुलाने मोठेपणी हे ओझे उचलले. गोष्टीचे काम असे असते. ती कानात पडते आणि पुष्कळ वर्षांनी हातात येते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. आपल्या पुतणीला त्यांनी पत्रे लिहिली. त्यांत झाडे, पक्षी, देश, माणसे, सगळे आहे. त्या पत्रांचे पुस्तक झाले. त्याचे नाव 'सुंदर पत्रे'. ११ जून १९५० रोजी गुरुजी वारले.

आपल्या जिल्ह्याकडे

गुरुजी कोकणचे. पण लिहिण्याची ओढ आपल्या मातीतही आहे. अंबाजोगाईचे संत दासोपंत यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांनी पुष्कळ ग्रंथ लिहिले. एक ग्रंथ तर त्यांनी लांबच लांब कापडावर लिहिला. त्याला दासोपंतांची पासोडी म्हणतात. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड कापड. सांगणाऱ्याला सांगायचेच असेल, तर कागदावाचून अडत नाही.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले. आपल्या आया-आजींनी पहाटे जात्यावर दळताना ओव्या गायल्या. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब, सगळे त्या ओव्यांत आहे. त्या बायांना अक्षर येत नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ हे दोन अभ्यासक पुण्याचे. त्यांनी सोबत्यांसह गावोगाव जाऊन अशा ओव्या जमवल्या. लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांत आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्याही ओव्या आहेत. दळणाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. जाते थांबले तशी ओवीही थांबली. ज्या ओव्या लिहून घेतल्या त्या राहिल्या. ज्या लिहिल्या नाहीत त्या म्हाताऱ्या बायांबरोबर मातीत गेल्या.

मावशींना उत्तर

आता मावशींचे उत्तर.

मावशी, तुम्ही म्हणालात, आमच्या घरी काय आहे? कोयता, चूल आणि जाते. अहो, श्यामच्या घरी तरी दुसरे काय होते? चूल होती, पदर होता, कर्ज होते. त्यातूनच ते पुस्तक झाले. ऐकलेले तुमच्याजवळ आहे. सोसलेले तर कोणाहून कमी नाही. तिसरा झरा तेवढा बंद होता. तो वाचण्याचा झरा. आता तोही फुटला आहे.

आम्ही हा पाठ वर्गात वाचून दाखवला. मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रात्री त्या नातीची वही घेऊन आल्या. वहीवर त्यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्या आईची एक ओवी होती. अक्षर वेडेवाकडे. दोन वेलांट्या चुकलेल्या. आम्ही तांबडी शाई हातात घेतली होती, ती खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माय मरून वीस वर्सं झाली. काल लिहिताना तिचा आवाज कानात आला बघा."

चार दिवसांनी त्या टोळीबरोबर गेल्या. जाताना वही नातीपाशी ठेवून गेल्या. मोबाईलवर आजी-नातीचे बोलणे होते. पण बोलणे वाऱ्यावर जाते. वही घरात आहे.

शब्दांचे अर्थ

खोत : कोकणात गावाचा सारा वसूल करणारा वतनदार
तगादा : पैशासाठी पुन्हा पुन्हा केलेली मागणी
रुखरुख : मनाला लागून राहिलेली टोचणी
कणगी : धान्य साठवण्याची मोठी टोपली
पारपत्र : परदेशी जाण्याचा परवाना
पासोडी : अंगावर घेण्याचे जाड कापड

वाचा आणि सांगा

१. साने गुरुजींच्या लिहिण्याचे तीन झरे कोणते?
२. श्यामच्या आईने चोरीबद्दल मुलाला काय करायला लावले? मुख्याध्यापकांनी काय केले? दोघांत फरक कोणता?
३. 'पाच दिवस हा हिशोब खोटा आहे' असे पाठात का म्हटले आहे?
४. 'गीता प्रवचने' हे पुस्तक कसे तयार झाले?

करून पाहा

१. आपल्या आईने किंवा आजीने सांगितलेली एक गोष्ट, म्हण किंवा ओवी वहीत लिहा. चार ओळी पुरेत. चूक झाली तरी लिहा. खाली आईचे नाव लिहा.
२. घरातल्या मुलाला किंवा नातवंडाला आज एक पान वाचून दाखवा. अडलात तर त्यालाच विचारा. त्यात कमीपणा नाही.
३. गावात कोठे पुस्तकांचे कपाट असेल तर त्याला कुलूप आहे का ते पाहा. असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.